लॅपटॉप चालू होतो, लोगो येतो, पण विंडोज उघडत नाही. दुकानवाला म्हणतो एसएसडी (आतली साठवणीची डिस्क) गेली. खरंच गेली का?

पेणकरीण

नमस्कार मंडळी, जाम वैतागून लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या काकांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. फार मोठा नाही, घरगुती मूर्तीच जास्त. कोणाची किती इंचाची, शाडूची की प्लास्टरची, अ‍ॅडव्हान्स किती आला, बाकी किती राहिली हे सगळं गेली चार वर्षं मी एक्सेलमध्ये ठेवते कारण वहीतलं काकांचं अक्षर दुसऱ्या दिवशी काकांनाच लागत नाही. लॅपटॉप २०१९ चा आहे, चुलतभावाचा इंजिनीअरिंगचा, तो जर्मनीला गेला तेव्हा इकडे ठेवून गेला. गेल्या सप्टेंबरात विसर्जन झालं, हिशेब मिटवले आणि लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात टाकला तो थेट आता अक्षय तृतीया झाल्यावर काढला.

बॅटरी पार उतरली होती, चार्जर लावून ठेवला. तासाभराने बटण दाबलं तर लाइट लागला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र ठार काळी. मिनिटभर काहीच नाही, मग आपोआप बंद होऊन परत चालू, असं दोनदा झालं, आणि मग आला एकदाचा लोगो. त्यानंतर ती उबंटू आणि विंडोजची यादी येते (उबंटू म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, भाऊ दोन्ही वापरायचा), मी नेहमीसारखं बाण दाबून खाली जाते, विंडोज निवडते, ठिपके गोल गोल फिरतात आणि निळी स्क्रीन, रडका चेहरा. खाली लिहिलेलं असतं इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. तीनचार वेळा तसं झालं की मग स्वतःच ऑटोमॅटिक रिपेअर सुरू करतो आणि थोड्या वेळाने सांगतो की जमत नाहीये.

इथल्या एका दुकानात नेला होता. त्याने त्याचा पेनड्राइव्ह लावून बघितलं, म्हणाला विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही, एसएसडी गेलीय, नवीन टाकून सगळं इन्स्टॉल करून साडेचार हजार, आणि जुना डेटा विसरा. मी लॅपटॉप परत घेऊन आले.

बॅकअप आहे का असं कृपया विचारू नका. आहे, गेल्या जूनचा आहे. जूननंतरच तर खरं बुकिंग येतं.

---

चहाबाज

एसएसडी नाही जात हो अशी बसल्या बसल्या, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारा, नवीन टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला असंच झालेलं.

---

पेणकरीण

अहो फॉरमॅट मारला तर फाइल पण जाईल ना? तीच तर हवीये.

---

निवांत_पक्षी

ताई आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग परत चार्जर लावून चालू करा. नाही झालं तर मागचं झाकण उघडून रॅम (मेमरीची पट्टी) काढायची, सोनेरी दातांवरून साधं खोडरबर हलकेच फिरवायचं आणि परत घट्ट बसवायची. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी याला बऱ्याचदा रॅमच असते. आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा, टीव्हीवर चित्र आलं तर स्क्रीन किंवा तिची केबल गेलीय.

---

खटपट्या

पक्षीराव, तुमचं बरोबर आहे पण ते ज्याला काहीच दिसत नाही त्याच्यासाठी. इथे लोगो येतोय, यादी येतेय, बाण चालतायत म्हणजे रॅम, स्क्रीन, प्रोसेसर सगळे कामावर हजर आहेत. रॅम पुसायला झाकण उघडायची आत्ता काही गरज नाही, झाला तर नवीन घोळ होईल.

"चालू होतो पण सुरू होत नाही" यात दोन वेगवेगळे आजार असतात आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात. एक म्हणजे लोगोच येत नाही, तिथे हार्डवेअर बघायचं. दुसरा म्हणजे लोगोपर्यंत सगळं ठीक आणि मग गाडी अडते, तिथे डिस्क, बूटचं सेटिंग, विंडोज हे बघायचं. तुमचा दुसरा.

आणि चहाबाज, आल्या आल्या फॉरमॅट काय मारायला सांगताय राव.

ताई, काहीही बदलू नका, फक्त तीन गोष्टी बघून इथे लिहा.

पहिली, लॅपटॉप चालू करताना लोगो यायच्या आत एफ२ दाबत राहा (तुमच्याकडे डिलीट किंवा एफ१० पण असू शकतं), बायोस (विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) उघडेल. तिथे तारीख काय दाखवतोय?

दुसरी, त्याच बायोसमध्ये माहितीचं पान असतं, त्यावर डिस्कच्या ओळीत काही नाव-नंबर दिसतो का, की रिकामं आहे?

तिसरी, बाहेर या, यादी आली की या वेळी विंडोज नका निवडू, उबंटू निवडा. काय होतं ते जसंच्या तसं लिहा, नाहीतर फोटो काढून ठेवा आणि त्यातलं वाचून लिहा.

---

पेणकरीण

बघितलं. एफ२ नेच उघडलं.

१. तारीख १ जानेवारी २०१९ दाखवतोय, वेळ रात्रीचे बारा वाजून काही मिनिटं. हे चुकीचं आहे एवढं मलाही कळलं पण मी बदललं नाही, तुम्ही म्हणालात म्हणून.

२. डिस्कच्या ओळीत नाव आहे. मोठा इंग्रजी नंबर आणि शेवटी ५१२ जीबी.

३. उबंटू पण नाही उघडलं. काळ्या स्क्रीनवर बरंच काही पळालं, मग अलर्ट, यूयूआयडी आणि लांबलचक आकडे, डझ नॉट एक्झिस्ट, ड्रॉपिंग टू अ शेल. आणि खाली कंसात इनिट-रॅम-एफएस असं लिहून थांबलंय. म्हणजे दोन्ही गेले का? आता मला खरंच भीती वाटायला लागलीय.

---

खटपट्या

घाबरू नका, मला तर हे वाचून बरं वाटलं.

विंडोज आणि उबंटू दोघं एकाच दिवशी कपाटात बसून खराब झाले, हे पटतं का तुम्हाला? त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, फायली वेगळ्या, पार्टिशन वेगळं. दोघं एकदम रडतायत म्हणजे दोघांच्या खालचं काहीतरी हललंय. खाली दोनच गोष्टी, डिस्क आणि बायोस.

आता डिस्क. ती उबंटू-विंडोजची यादी येते ना, तिला ग्रब म्हणतात, ती येते कुठून? त्याच एसएसडीवरून. दुकानदार म्हणतो ती डिस्क मेली, पण त्याच डिस्कवरची यादी तुम्ही रोज वाचताय, बाण फिरवताय, ठिपके फिरतायत ते पण तिच्यावरूनच वाचून. मेलेलं माणूस दार उघडून "कोण पाहिजे" असं विचारत नाही. शिवाय बायोसला तिचं नाव आणि ५१२ जीबी दोन्ही दिसतंय.

मग राहिला बायोस, आणि त्याची तारीख २०१९ वर गेलीय. मदरबोर्डवर घड्याळात असतो तसा एक छोटा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसची सेटिंगं पण तो जपतो. सातआठ महिने मुख्य बॅटरी पण उतरलेली, त्यामुळे सगळा भार त्या सेलवर, तो पण संपला, आणि बायोस कारखान्यातून आला तसा झाला. (तुमचा नाही, त्यांचा कारखाना.) पहिल्यांदा मिनिटभर स्क्रीन काळी राहिली ती पण याचीच खूण, सेटिंगं पुसली की बायोस रॅमची ओळखपरेड पहिल्यापासून करतो, त्याला वेळ लागतो आणि मध्ये एकदोनदा स्वतःच रीस्टार्ट होतो.

आता माझा अंदाज. २०१९ च्या आसपासच्या इंटेलवाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क चालवायच्या दोन पद्धती असतात, एक एएचसीआय आणि एक आरएसटी (कुठे कुठे ऑप्टेन किंवा रेड असं लिहिलेलं असतं). कंपनीतून बरेचसे आरएसटीवर येतात. पण उबंटू टाकायला गेलं की त्याला आरएसटीमागची डिस्क दिसत नाही, त्याचा इन्स्टॉलरच सांगतो की आधी आरएसटी बंद करा. तुमच्या भावाने तेव्हा ते एएचसीआय केलं असणार, त्याशिवाय उबंटू बसलंच नसतं. आता सेल संपला, बायोस मूळ पदावर गेला, परत आरएसटी. सुरुवातीची यादी वगैरे बायोसच्या डोळ्यांनी वाचली जाते म्हणून दिसते. पुढे विंडोज किंवा उबंटू स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायला जातात आणि त्यांना दार वेगळ्याच भिंतीत सापडतं.

दुकानदाराच्या पेनड्राइव्हला डिस्क दिसली नाही ती पण यामुळेच. आरएसटीचा ड्रायव्हर सोबत दिला नाही तर विंडोजचा सेटअप सरळ सांगतो ड्राइव्ह सापडला नाही. तो मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण एकदा बायोस उघडून बघायला हवं होतं.

तेव्हा भावाला विचारा, तू उबंटू टाकताना बायोसमध्ये काही बदललं होतंस का.

---

अडगळ

थांबा, बायोसमध्ये हात घालायच्या आधी बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्कला घालायच्या कुलपाचं बघा. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर असं सेटिंग बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती नसली तर बसा बोंबलत. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या अकाउंटवर ती बहुतेक वेळा आपोआप साठवलेली असते, भावाचं अकाउंट असेल तर त्यालाच बघायला सांगा. उबंटू शेजारी टाकलंय म्हणजे बिटलॉकर तेव्हाच बंद केलेलं असायची शक्यता जास्त, तरी पण विचारा.

आणि इतर वाचणाऱ्यांसाठी, ज्यांच्या लॅपटॉपमध्ये खरोखरची ऑप्टेन मेमरी (हार्डडिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी) हार्डडिस्कला जोडलेली आहे किंवा दोन डिस्क एकत्र जोडून रेड केलीय त्यांनी हे वाचून लगेच आरएसटी बंद करायला धावू नका, तिथे डेटाचा खरंच घोळ होतो. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदा गुंडाळला पण तसे लॅपटॉप अजून लोकांकडे आहेत.

---

पेणकरीण

भावाचा रात्री फोन आला. म्हणाला "हो गं, काहीतरी बदललं होतं, आता आठवत नाही, कॉलेजच्या ग्रुपवर सीनियरने सांगितलेलं तसं केलं." बिटलॉकर तेव्हाच बंद केलं होतं हे मात्र त्याला पक्कं आठवतंय, कारण ते बंद व्हायला दोन तास लागले आणि त्याची मॅच चुकली.

आता अडचण अशी की बायोसमध्ये मला तुमचं ते एएचसीआय कुठेच दिसत नाही. मेन, सिक्युरिटी, बूट, एक्झिट सगळी पानं दोनदा बघितली. बूटमध्ये फक्त सिक्युअर बूट वगैरे आहे. मेनवर तारीख, वेळ, टचपॅड, एफ१२ बूट मेनू, एवढंच.

---

सोल्डरबाबा

काही मॉडेलमध्ये ती ओळ लपवलेली असते. मेनच्या पानावर असताना कंट्रोल आणि एस एकत्र दाबा. मग खाली साटा मोड नावाची नवीन ओळ उगवेल. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही पण तुम्ही लिहिलेली पानं वाचून ओळखलं. गिऱ्हाइकाने उगाच हात लावू नये म्हणून लपवतात आणि मग गरज असलेल्यालाच सापडत नाही.

माझं दुकान नाही, पण पंधरा वर्षं रिपेअरिंगमध्ये काढली म्हणून दोन गोष्टी सांगतो. सेल बदलल्याशिवाय हे परत होणार, चार्जर आणि बॅटरी दोन्ही संपले की परत २०१९. लॅपटॉपमधला सेल बहुतेक वेळा वायरवाला असतो, काळ्या किंवा पिवळ्या वेष्टनात गुंडाळलेला, दोन पिनचा छोटा कनेक्टर. नुसता गोल सेल आणून वायरीला डाग मारायला जाऊ नका, सेल गरम होऊन फुटू शकतो. वायरसकट तयार मिळतो, शंभर-दीडशेच्या आतबाहेर, जुना सोबत नेऊन कनेक्टर जुळवून घ्यायचा. काढताना आधी मुख्य बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग हा. मल्टिमीटर असेल तर मोजा, नवा तीनच्या थोडा वर दाखवतो, अडीचच्या आसपास आला तर गेला.

दुसरं, आठ महिने पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर पडला होता म्हणता. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा डगमगतो का, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का, क्लिक व्हायला जड जातं का. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग ताबडतोब बंद. पुढच्या वेळी कपाटात ठेवताना साधारण अर्धी चार्ज करून ठेवा आणि दोनतीन महिन्यांनी एकदा काढून चार्ज करा.

---

पेणकरीण

उघडलं!!!!

कंट्रोल एस दाबल्यावर खरंच ओळ आली. साटा मोड, आणि समोर आरएसटी विथ ऑप्टेन असंच काहीतरी लिहिलेलं. एएचसीआय केलं, तारीख वेळ नीट केली, एफ१० दाबून सेव्ह. हात थरथरत होता. यादी आली, विंडोज निवडलं, ठिपके फिरले, फिरले, फिरतच राहिले, मला वाटलं संपलं, आणि मग पासवर्ड मागितला. फाइल आहे. सगळी आहे, शेवटच्या दिवशी एका बाईंनी तीनशे रुपये बाकी ठेवलेत ती ओळ पण आहे.

सगळ्यात आधी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, मग स्वतःला ईमेल केली, मग भावाला पण ईमेल केली. काकांना सांगितलं तर म्हणाले वही कधी बंद पडते का. आता यावर काय बोलणार.

खटपट्या, सोल्डरबाबा, अडगळ, सगळ्यांचे मनापासून आभार. टचपॅड ठीक आहे, डगमगत पण नाही. सेल बदलून घेते, अलिबागला भावाचा मित्र आहे त्याच्याकडे.

---

चहाबाज

अभिनंदन. माझा फॉरमॅटचा सल्ला मागे घेतो. पण समजा भावाला काहीच आठवलं नसतं आणि विंडोज आधीपासून आरएसटीवरच असतं तर? मग एएचसीआय केल्यावर आणखी बिघडलं असतं ना?

---

खटपट्या

नाही, तेवढ्याने बिघडत नाही. नुसतं उघडलं नसतं, परत आरएसटी केलं की होतं तिथे. सेटिंग बदलून डिस्कवर काही पुसलं जात नाही (अडगळने सांगितलेली रेड आणि ऑप्टेनवाली मंडळी सोडून). म्हणून मी नेहमी सांगतो, बदलायच्या आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम फिरवल्या की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं तेच कळत नाही. खरा धोका त्या फॉरमॅटच्या बटणात असतो, आणि सेटअपमध्ये ते हाताशीच असतं.

आणि ज्यांचं विंडोज चालू आहे पण त्यांना उबंटूसाठी मुद्दाम आरएसटीवरून एएचसीआयवर यायचंय त्यांनी सरळ बायोसमध्ये जाऊन बदलू नका, हाच रडका चेहरा बघाल. आधी विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या म्हणजे ते नवीन ड्रायव्हर उचलतं, मग ती खूण काढून परत रीस्टार्ट.

---

पेणकरीण

परत मीच. सेल बदलला, एकशे वीस रुपये. मित्राने मोजला तर जुना दोन व्होल्टच्या पण खाली होता. आता एक बारीकसं. काल उत्सुकतेने उबंटू उघडून बघितलं, ते पण चाललं, पण नंतर विंडोजमध्ये आले तर घड्याळ साडेपाच तास मागे. नवा सेल पण खराब निघाला का?

---

अडगळ

साडेपाच तास म्हटल्यावर सेलवर संशय घेऊ नका. आपण ग्रिनिचच्या नेमके साडेपाच तास पुढे. उबंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. दोन्ही ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना हे भेटतं. उबंटूला एका कमांडने सांगता येतं की बाई स्थानिक वेळच लिही, भावाला विचारा, त्याने आधी केलं असेल. नाहीतर विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक नाऊ दाबा आणि उबंटूला जाऊच नका.

---

पेणकरीण

दुसरं सोपं आहे. तेच करते.

---

कोकणचा_बाळू

माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, लॅपटॉप चालू होतो, लाइट लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, लोगो पण नाही, कॅप्स लॉकचा लाइट तीनदा मिचकतो आणि थांबतो. मी पण कंट्रोल एस दाबू का?

---

खटपट्या

बाळूशेठ, तुमचा सेम नाही, तुमचा पहिला आजार. कंट्रोल एस दाबायला आधी बायोस दिसायला पाहिजे ना. ते तीनदा मिचकणं हा कोड असतो, कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो, मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये तक्ता मिळेल. आणि तोवर निवांत_पक्षींचं खोडरबर काढा, आता त्याची खरी वेळ आलीय. नवीन धागा काढून मॉडेल नंबर लिहा, बघतो.